पापणीवरचा डाग

गुरुवार, १२ डिसेंबर
दुपार

वहिनी,

बर्फाचा रुमाल डाव्या हाताने गालावर धरलाय आणि कोपराने कागद दाबलाय. ओळी वर चढत चालल्यात, मधूनच पाणी ठिपकतंय. तेवढं सांभाळून घे. दाढेचं काहीतरी झालंय. ओठही सुजलाय, फोनवर बोलले तर नीट कळायचं नाही. म्हणून पत्र.

तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा थंडीत धरतो, तिला जमिनीवर बसू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांग. दादाला बाळाची आंघोळ जमायला लागली का? मागच्या वेळी तो टॉवेल घेऊन असा उभा होता, जसं काही आतून पैलवान येणार आहे.

बाहेरगावचं काम अजून आठवडाभर तरी चालेल. जेवणखाण ठीक. खोलीला खिडकी आहे, खिडकीसमोर भिंत आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही.

बाळाचा डोळा अजून पाणावतो का?

रविवारी दादा फोनवर म्हणाला, डावा डोळा सकाळी चिकटलेला असतो, आई ओल्या कापसाने पुसते. खिडकीपाशी नेलं की बाळ तोंड फिरवतं. मागून तुझा आवाज आला, "अहो, त्यांना विचारा ना." दादा हसून म्हणाला, "त्यात काय विचारायचं? आत्यावर गेलीये. उजेडाला लाजते." मग मला म्हणाला, "काय गं छोटी, खरं ना?"

मी हसले. म्हटलं, "खरं."

त्या हसण्यासाठी हे पत्र आहे. पण मला तिथे सरळ जाता येत नाहीये. थोडं फिरून जाऊ दे.

माझं काम तुला माहीत आहे. रंगवलेल्या दोऱ्याची रिळं दिव्याच्या पेटीत ठेवायची, मूळ नमुना शेजारी ठेवायचा, दोन रंग जुळतात की नाही ते सांगायचं. दिवाळखोर गिऱ्हाईकसुद्धा रंगाच्या बाबतीत राजा असतं, त्यामुळे चूक चालत नाही. दसरा असो की रविवार, मी कित्येकदा त्या पेटीपुढे बसलेय. रंगखात्याचे मास्तर सगळ्यांना सांगतात, "बाईंनी नापास म्हटलं की मालकाचाही माल नापास." मला ते ऐकायला आवडतं. इथे मी वाकून बघते आणि लोक माझ्या तोंडाकडे बघतात ते निकाल ऐकायला, एवढ्यासाठी मला ही नोकरी आवडते.

ऑक्टोबरात एके दिवशी पेटीत पांढरी रिळं होती. मी एक उचललं, परत ठेवलं, तर त्यावर लाल ठिपका. मास्तर म्हणाले, "बाई, हा पांढरा नापास." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

माझ्या गालावरच्या लाल डागावर जबड्यापाशी बारीक गाठी आल्यात. तू त्या पाहिल्या आहेस, तू कधी विचारलं नाहीस. त्यातली एक फुटली होती. रक्त थांबेना. आधी रुमाल, मग कापूस, मग मास्तरांचा स्वतःचा रुमाल. मास्तर म्हणाले, "दाखवून या. सुट्टी टाका. हे विचारत नाहीये मी."

मी दाखवायला गेले. तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार? "मला याचा काही त्रास नाही" हे वाक्य मी आपल्या घरात इतकी वर्षं म्हणत आले की आईने ते पाठ केलंय. पाहुणे आले की माझ्याआधी तीच म्हणते.

कातडीच्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी माझं तोंड दिव्याखाली धरलं, बोटाने गाल दाबला, सोडला, परत दाबला. मी रीळ धरते तसं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं होतात कुठे?"

"घरीच."

त्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मापासूनच रुंद असतात, म्हणून लाल दिसतं. आईने गरोदरपणी काय खाल्लं, काय पाहिलं, याच्याशी संबंध नाही. डाग पसरत नाही, पण अंगाबरोबर वाढतो. वय वाढलं की गडद होतो, जाड होतो, गाठी येतात. आपोआप जात नाही. लेसरने फिका करता येतो, पुष्कळदा करावा लागतो. सगळा जाईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि जितक्या लवकर सुरू करावं तितकं चांगलं. तान्ह्या मुलांची कातडी पातळ असते, त्यांचा सगळ्यात चांगला फिका होतो.

"घरात आणखी कोणाला आहे?" त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं. "सहसा नसतो. पण एखाद्या घरात असतो."

मी नाही म्हटलं.

वहिनी, मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे लिहीत राहिल्या.

आता त्याआधीचा तो दिवस. तू बाळाला घेऊन घरी आलीस त्याच आठवड्यातला. तू मुलांच्या दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली होतीस. दादाला ते पटत नव्हतं. एवढ्याशा जिवाला कशाला सुया टोचायच्या, म्हणत होता. आई म्हणाली, "छोटीला बोलवा. तिच्याइतकं कोणाला कळणार?"

आपल्या घरात ही एक रीतच झालीये. ज्याच्या अंगावर आहे त्याला त्यातलं कळतं. आईला गुडघा आहे म्हणून शेजारच्या बायका तिला हाडांचं विचारतात. मला डाग आहे म्हणून मला डागाचं. मी कधी एक पानसुद्धा त्याविषयी वाचलं नव्हतं. तरी मी आले. ऐटीत आले. हात धुतले, बाळाला खिडकीपाशी नेलं, दिवसाच्या उजेडात कपाळावरचा, पापणीवरचा डाग पाहिला. बोटाने हलकेच दाबलं. रंग गेला, परत आला. मी पेटीपुढे बोलते त्या आवाजात म्हटलं, "माझ्यापेक्षा फिका आहे. दाबला की जातो. म्हणजे वरवरचा आहे. चालायला लागेपर्यंत निम्मा उतरेल."

हे मी कशाच्या आधारावर सांगितलं? दोऱ्याच्या. कच्चा रंग दाबला, धुतला की उतरतो. आणि तेही मला त्या क्षणी खरं वाटत नव्हतं. माझा गाल दाबला की अजूनही रंग जातो आणि परत येतो. आयुष्यभर आरशात पाहिलंय.

दादा म्हणाला, "झालं? कळलं?" आई म्हणाली, "हिचं काय अडलं? शिकली, नोकरी करते, कोणाच्या दारात जात नाही."

तू नंतर स्वयंपाकघरात आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि हळू आवाजात विचारलंस, "वन्सं, खरं सांगा. त्रास होतो का?"

घरात एवढा एकच प्रश्न मला कोणीतरी खरोखर विचारला. मी म्हटलं, "छे गं. सवय होते."

त्या संध्याकाळी तू दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केलीस. मी तिथेच होते, कपबशा पुसत होते. मी ऐकत होते.

मघाशी लिहिलं की मला सरळ जाता येत नाही. आता जाते.

दाढ नाही. मी बाहेरगावीही नाही. मी माझ्या खोलीतच आहे, तुमच्या घरापासून बसने तीन थांब्यांवर. पडदे लावून बसलेय. काल माझ्या गालावर लेसर झाला. गालभर गोल गोल निळेकाळे ठिपके उठलेत, कोणीतरी शिक्के मारत बसल्यासारखे. आधी काळं पडतं, मग उतरतं, असं त्यांनी सांगितलं होतं. तुमच्यापैकी कोणी पाहू नये म्हणून गावाला गेल्याचं सांगितलं.

तुझ्या मुलीचं राहू दे म्हणणारी मी स्वतःसाठी रांगेत जाऊन बसले. फिका होतो हे ऐकलं त्या क्षणी मला ते हवं होतं. विचार करावा लागला नाही. "कधी येऊ?" एवढंच मी विचारलं. त्रास होतो का, याचं उत्तर ते होतं, वहिनी. तुला द्यायचं होतं ते मी त्यांना दिलं.

पण हेही अजून सगळं नाही.

पहिल्याच भेटीत, उठता उठता मी विचारलं होतं, "डोळ्याला काही होतं का?" का विचारलं, ते तू समजू शकशील. डॉक्टर म्हणाल्या, "तुमचा गालावर आहे, तुम्हाला भीती नाही. कपाळ आणि वरची पापणी असेल तर मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. विशेषतः बाळ असेल तर. डोळ्यात दाब वाढू शकतो. डोळा पाणावतो, मूल उजेड टाळतं, डोळा मोठा दिसायला लागतो. लोकांना वाटतं काय सुंदर टपोरा डोळा आहे. तोवर आतून नजर जात असते." आणि म्हणाल्या, क्वचित मेंदूवरही परिणाम असतो, झटके येतात, त्याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

मी खुर्चीवरून अर्धी उठले होते. तशीच थांबले. त्यांनी विचारलं, "काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही."

हे ऑक्टोबरात.

त्यानंतर मी तुमच्याकडे येऊन गेले. आई बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "डावा डोळा बघ कसा टपोरा. उजव्याला मागे टाकला." तू म्हणालीस, "मला तर वेगळाच वाटतो." आई म्हणाली, "आईलाच मेलीला कौतुक नाही." सगळे हसले. मी बाळाला घेतलं, खिडकीकडे वळले, तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. माझा खांदा ओला झाला. मी तिला तुझ्याकडे दिलं आणि बस चुकेल म्हणून निघाले.

सांगायचं म्हटलं तर आधी डॉक्टरकडे गेले हे सांगावं लागलं असतं. का गेले, लेसर घेतेय, तुझी वेळ माझ्यामुळे रद्द झाली, सगळं एकामागून एक निघालं असतं. रोज वाटायचं, दादाला वरवर सुचवू, "डोळ्याचं एकदा दाखवून घ्या." दोन वाक्यं होती. नाव, कारण काहीच सांगावं लागलं नसतं. तेही केलं नाही. का केलं नाही ते मला काल त्या टेबलावर, डोळ्यांवर पट्टी बांधून पडले असताना कळलं. प्रत्येक ठिपक्याला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. मोजायचं नाही असं ठरवून मी दुसरं काहीतरी आठवत होते, आणि बाळ जन्मलं ती सकाळ आठवली.

नर्सने तिला बाहेर आणलं आणि म्हणाली, "थोडं आहे तोंडावर, बाकी गुटगुटीत आहे." आई म्हणाली, "अगं बाई, ही तर..." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने पटकन मान वळवली.

मला आनंद झाला.

मी यासाठी दुसरा शब्द शोधत होते, मिळाला नाही. वाईट वाटलं नाही, धक्का बसला नाही. आनंद झाला. वाटलं, आली. आता मी एकटी नाही.

आणि त्याच दिवसापासून मी तिच्यासाठी साठवायला लागले. बसमध्ये कुठल्या बाजूची जागा धरायची. शाळेत कोणी विचारलं तर पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगून टाकायचं, म्हणजे कुजबुज होत नाही. फोटोत कुठे उभं राहायचं. ज्या माणसाने पहिल्यांदा पाहून डोळे वळवले नाहीत त्याच्यावर लगेच विश्वास का टाकायचा नाही. हे सगळं मला येतं. इतक्या वर्षांत जे शिकले ते हेच. कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तिच्या उपयोगाचं झालं असतं. तिचा डाग गेला असता तर मी ते कोणाला दिलं असतं?

म्हणून मी गप्प बसले. डोळ्यावर जाईल असं मला वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. ते लिहीत नाही. वाटलं होतं. तरी गप्प बसले.

संध्याकाळ

मध्ये उठले होते. वर लिहिलं ते वाचलं. पत्र आज टाकलं तरी तुला परवाच्या आत मिळणार नाही. फोन टेबलावर आहे. ओठ सुजलाय हे खरं, पण मघाशी घरमालकीण पाण्याच्या टाकीवरून ओरडायला आली तेव्हा मी दाराआडून तिच्याशी चांगली भांडले. तिला शब्दन् शब्द कळला.

फोन लावला. आईने उचलला. "अगं, कशी आहेस? जेवण मिळतं ना धड? बाळ आत्ताच झोपलंय, वहिनी गच्चीवर कपडे काढतेय. निरोप आहे काही?"

मी म्हटलं, "नाही, सहज."

आई म्हणाली, "बरं वाटलं गं आवाज ऐकून." आणि ठेवला.

तेव्हा हे पत्र कशासाठी आहे ते मला दिसलं. तू वाचशील तेव्हा मी समोर नसेन, एवढ्यासाठी आहे. तू ओट्याला टेकून मला समोर विचारलं होतंस आणि मी तुला पोस्टाने उत्तर देतेय, तेही बाळाच्या डोळ्याचे दिवस वाया घालवून.

करायचं ते लिहिते. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात ने, लहान मुलांच्या विभागात. डाग पापणीवर आहे, डोळा पाणावतो, उजेड सहन होत नाही, एक डोळा मोठा दिसतो, हे चारही सांग. झटक्यांचंही विचार. मग कातडीच्या डॉक्टरांकडे. दादा म्हणेल, छोटी तर म्हणाली होती काही नाही. त्याला सांग, छोटी खोटं बोलली. हेच शब्द वापर. सौम्य करू नकोस. आई रडेल, मग माझी बाजू घेईल. घेऊ देऊ नकोस.

माफी मागत नाही. तू चांगली आहेस, मागितली तर विचारात पडशील, आणि तुला आत्ता त्याला वेळ नाही.

सही करताना दरवेळी "तिची आत्या" लिहायची सवय लागली होती. आज हात थांबला. ते परत लिहायचं की नाही ते तू ठरव. तूर्त नुसतीच,

वन्सं

शुक्रवार, दुपार

पत्र टाकलं नाही. उजाडताच फोन केला. दादाने उचलला. "इतक्या सकाळी? आलीस का परत?" मी म्हटलं, "वहिनीला दे." तो म्हणाला, "बाळाला पाजतेय, मला सांग." मी म्हटलं, "दादा, तिला दे."

तू आलीस. मी दवाखान्याचं सांगितलं, चारही गोष्टी सांगितल्या. तू मग म्हणालीस, "वन्सं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"माझ्या."

बाळाचा आवाज येत होता. तू विचारलंस, "कधी?" मी ते सांगितलं.

तू म्हणालीस, "मी तिला घेऊन निघते. तुम्ही तिथे येऊ नका."

मी आले नाही. दुपार व्हायच्या आत दादाने कळवलं. डाव्या डोळ्यात दाब वाढलेला आहे, थेंब सुरू केलेत, उद्या भूल देऊन आतून तपासतील. वेळेत आणलं की नाही हे त्यानंतरच सांगता येईल, असं डॉक्टर म्हणाले.